नळ नापास

३ फेब्रुवारी, मंगळवार

नापास! घर नव्हे — नळ.

खांब पास. जिना पास. वायरिंग पास, गच्चीचा कठडा पास. आणि घराबाहेर भिंतीला लावलेला एक साधा नळ — नापास! पोरगं गणितात पहिलं यावं आणि चित्रकलेत आपटलं म्हणून त्याच वर्गात बसावं, तशी गत. भोगवट्याचा दाखला अडकला. दाखला नाही तोवर नव्या घरात राहायला जाता येत नाही.

बांधकाम खात्याचा तपासनीस आला होता. तरुण आहे, सज्जन आहे. पेनचं टोपण दातात धरून बोलतो आणि उघडं पेन खिशात ठेवतो. त्यामुळे शर्टाच्या खिशाच्या तळाशी शाईचा निळा गोल. जन्म लाँड्रीत गेला, माणसाच्या तोंडाआधी मला त्याचा डाग दिसतो. म्हटलं, "साहेब, शर्ट पाठवून द्या, डाग काढून देतो. पैसे नकोत." तर दोन पावलं मागे सरकला. "मी कुणाकडून काही घेत नाही!" झाली पंचाईत. खाणाऱ्याला काय द्यायचं ते जगाला माहीत आहे, न खाणाऱ्याला काय द्यायचं? चहा तेवढा घेतो. तो हिने दिला. नव्या घराच्या उघड्या स्वयंपाकघरात, थर्मासमधून.

मी मनातल्या मनात त्याचं नाव 'टोपण' ठेवलं आहे.

तसा तो कागदावर सही करायलाच निघाला होता. तेवढ्यात हिने कप विसळता विसळता सहज विचारलं, "साहेब, या नळाला रबरी पाइप लावला आणि साबणाच्या बादलीत तसाच राहिला, तर ते घाण पाणी उलटं आत नाही ना जाणार?"

टोपण थांबला. टोपण तोंडातून काढलं. म्हणाला, "वहिनी, फार चांगला मुद्दा आहे. मोठ्या लाइनीतला दाब कमी झाला तर जातं. उलटा प्रवाह रोखणारी झडप हवी. नियमच आहे." आणि लिहिलं — नापास.

बायकोच्या हुशारीचं कौतुक वाटलं. आणखी थोडा वेळ वाटत राहिलं असतं, पण लगेच रागच आला. टोपणचा.

४ फेब्रुवारी, बुधवार

प्लंबरला बोलावलं. झडप बघून म्हणाला, "शेठ, नळ केवढा, झडप केवढी! नाकापेक्षा मोती जड." म्हटलं, "बसव. नाक माझं आहे." 

हा नळ मुळात कुणासाठी? हिच्यासाठी. लग्न झालं तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. मी उसन्या इस्त्रीवर दारोदार कपडे करायचो आणि ही वाड्यातल्या एकाच नळावर रांगेत उभी राहायची. एकदा बादली धाडकन आपटून म्हणाली होती, "आपलं घर झालं ना, की बाहेर आपला एक नळ पाहिजे. कुणाच्या पाठीकडे बघत उभं राहायला नको." मी ऐकून ठेवलं. आर्किटेक्टने पहिली रेघ मारायच्या आत सांगितलं — आधी नळ काढा, मग त्याच्या मागे घर काढा.

माझी खरी कमाई यंत्रं नाहीत, दुकान नाही. कान. गिऱ्हाईक "काही घाई नाही हो" म्हणालं की कपडे त्याला उद्याच हवेत, हे मला ऐकू येतं. "तुमच्याकडे नेहमी छान होतं" म्हणालं की मागच्या वेळी बटण तुटलेलं होतं. माणूस बोलतो एक, हवं असतं दुसरं. ते दुसरं ऐकू आलं म्हणून मी इथवर आलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

झडप पास!

नळ नापास.

टोपणने टेप लावली. जमिनीपासून नळाची उंची बरोबर. माझ्याकडे बघून हसलासुद्धा. पेन खिशातून काढलं. आणि ही अंगणात उभी राहून म्हणते, "अहो, इथे अजून फरशी बसायची आहे ना? मग जमीन वर येईल."

टोपणने टेप पुन्हा लावली. फरशीची जाडी धरली, खालचा माल धरला. नळ खुजा निघाला. बादली ठेवली तर नळाचं तोंड बादलीत बुडेल म्हणे.

"वहिनी, तुमचं लक्ष फार बारीक," टोपण म्हणाला.

"काय करणार साहेब, घर एकदाच होतं," ही म्हणाली.

किती मनापासून बोलली! घरात तिचा जीव अडकलाय. मला तर भरून आलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नियमावली विकत आणली. शत्रूचं शस्त्र ओळखीचं असलेलं बरं. वीट म्हणून भिंतीत घालता येईल एवढी जाड. बाहेरच्या नळांवर वेगळं प्रकरण आहे. पहिलं वाक्य — 'घराबाहेरील नळ म्हणजे घराच्या बाहेर असलेला नळ.' मी ते तीनदा वाचलं. कुठेही चूक सापडली नाही. पुढे — 'अशा नळास पाणी येणे अपेक्षित आहे.' हे लिहिणाऱ्या माणसाला पगार मिळतो आणि पेन्शनही मिळणार.

दुकानात वाचत बसलो होतो. ही काउंटरवर. इस्त्रीचे शर्ट देता देता कुणाच्या सासूची चौकशी, कुणाच्या पोराच्या परीक्षेची. म्हणाली, "काय वाचताय एवढं?" म्हटलं, "तुझा नळ."

दुपारी मी जेवायला गेलो तेव्हा पुस्तक काउंटरवरच राहिलं होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा संशय दुर्बिणीवर आहे.

दुर्बीण म्हणजे नव्या घरासमोरचे निवृत्त हेडमास्तर. दुर्बीण नाही त्यांच्याकडे, पण गरजही नाही. सकाळपासून बाल्कनीत. टोपणची मोटारसायकल वळली की मान वळते. आमच्या नळाची बातमी कुणीतरी खात्याला आतून पुरवतंय, हे नक्की. नाहीतर टोपणला दर खेपेला नवं काहीतरी सुचतं कसं? तो पोरगा स्वतःच्या खिशातला डाग बघत नाही, तो माझ्या नळातलं एवढं बघणार?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

नळ उचलून बसवला होता. झडप झाली, उंची झाली. टोपण पुस्तक मिटत होता. ही थर्मासचं झाकण लावत म्हणाली, "एवढ्या पाइपात पाणी भरून राहणार. थंडीत गोठलं तर पाइप फुटतात म्हणे, खरं का हो साहेब?"

मी मोठ्याने हसलो. आमच्याकडे थंडी येते ती पाव्हण्यासारखी — चपला दारात काढते, दोन दिवस बसते आणि निघते. म्हटलं, "साहेब, इथे बर्फ कधी पडलाय?"

टोपण गंभीर. "नियमात 'पडत असल्यास' असं नाही. 'पाणी गोठण्याची शक्यता असल्यास' असं आहे."

"शक्यता आहे कुठे?"

तर ही म्हणते, "अहो, असं कसं? या थंडीत आपलं खोबरेल तेल गोठलं होतं."

टोपणने लिहून घेतलं! देवाशपथ, लिहून घेतलं. 'रहिवाशांच्या निवेदनानुसार तेल गोठते.' आता घराच्या आत पाणी बंद करायचा वेगळा खटका हवा, म्हणजे बाहेरचं पाणी आतून तोडता येईल. आणि पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, म्हणजे उरलेलं पाणी गळून जाईल.

प्लंबर म्हणाला, "शेठ, हिमालयातलं घर बांधतोय आपण. वर एक मेंढी बांधा."

घरी येताना हिला म्हटलं, "तेलाचं बोलायची काय गरज होती?" म्हणाली, "खोटं कशाला बोलायचं सरकारी माणसाशी?"

बाटली मीच उन्हात ठेवली होती.

६ मार्च, शुक्रवार

मुलीचा फोन. लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते, पण आवाज आजही या घरात मोठा आहे. नळाची सगळी कथा सांगितली. तेलापर्यंत आलो तेव्हा इतकी हसली की तिकडे कुणीतरी "काय झालं?" विचारलं.

मग एकदम म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"तिकडे राहायला जायचंय का ते."

म्हटलं, "विचारायचं काय त्यात? सगळं तिच्यासाठीच तर चाललंय."

गप्प झाली. मग म्हणाली, "बरं."

पोरी शहाण्या झाल्या की फार गप्प बसायला लागतात.

९ मार्च, सोमवार

प्लंबर आला नाही. मोबाइल बंद. प्लंबरला उलटा प्रवाह नसतो, जातो तो जातो.

१० मार्च, मंगळवार

दुर्बिणीचा निकाल लावला. सरळ त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "मास्तर, आमच्या नळाबद्दल काही तक्रार असेल तर तोंडावर सांगा."

मास्तर बावरले. मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. म्हणाले, "तक्रार? अहो, मी तुमची वाट बघतोय! कधी येताय राहायला? या रस्त्यावर दिवसभर बोलायला माणूस नाही. सगळे सकाळी मोटारीत बसून जातात ते दिवे लागल्यावर येतात. मिसेस गेल्यापासून मी गाड्या मोजतो. काल निळ्या जास्त होत्या."

चहा पाजला, बिस्किटं काढली, अल्बम काढला. निघू देईनात. कसाबसा सुटलो.

घरी येऊन हिला रंगवून सांगितलं — निळ्या गाड्यांची नक्कल केली, मास्तरांची मान करून दाखवली. ही शर्टांची बटणं तपासत होती. हसली नाही. म्हणाली, "रोज मोजतात?"

"रोज!"

"एकटेच?"

म्हटलं, "मग काय, माणूस लावतात की काय मोजायला?"

१७ मार्च, मंगळवार

खटका बसला. उतार झाला — टोपणने पाइपावर स्पिरिट लेव्हल लावून बघितली, बुडबुडा शहाण्यासारखा सरकला.

तरी नापास. खटका कपाटाच्या मागे आलाय. हिनेच कपाट ओढून दाखवलं. "साहेब, आग लागली, पूर आला, तर हे अवजड धूड कोण सरकवणार? मी?"

"खटका हाताला सहज यायला हवा," टोपण म्हणाला. "कलम आहे तसं." आणि जरा आश्चर्याने हिच्याकडे बघत राहिला. "वहिनी, तुम्ही कलमांची भाषा बोलायला लागलात."

आता खटका हलवायचा म्हणजे पाइप हलवायचा. पाइप हलवायचा म्हणजे भिंतीला नवं भोक. रंग झालेल्या भिंतीला! प्लंबर छिन्नी घेऊन उभा होता. मला म्हणाला, "शेठ, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

गवंड्यांसाठी चहा ओतणाऱ्या हिच्याकडे त्याने एकदा बघितलं. "जाऊ द्या," म्हणाला आणि पहिला घाव घातला.

२६ मार्च, गुरुवार

आज लिहायला हात जड झालाय.

टोपण आला. सगळं बघितलं. झडप, उंची, उतार. मग म्हणाला, "शेठ, तुम्ही आत जा आणि खटका बंद करा. बाहेर पाणी थांबतं का तेवढं बघतो, आणि झालं."

आत गेलो. नवा खटका मोरीत, खाली, भिंतीच्या कडेला. गुडघे टेकून बसलो आणि फिरवला. त्याच्या शेजारीच नव्या पाइपाचं भोक. प्लंबरने छिन्नीने मोठं पाडलंय, अजून बुजवलेलं नाही. पाइपाच्या भोवती बाहेरचा उजेड दिसत होता. आणि बाहेरचं बोलणं, जसं काही कुणी कानाला लागून बोलावं.

टोपण म्हणत होता, "थांबलं पाणी. झालं वहिनी, सुटलात! आता इथेच दाखला लिहून टाकतो."

मी भोकाशी तोंड नेऊन "वा!" म्हणणार होतो.

नळातून राहिलेले थेंब पडत होते, ते ऐकू येत होते. मग हिचा आवाज —

"आणि हे भोक, साहेब? पाइप केवढा, भोक केवढं. उंदीर शिरेल, मुंग्या शिरतील. तुमच्या पुस्तकात याचं काहीच नाही?"

"आहे की! बाहेरून नळी घालून सांधा बंद करायचा असतो. बरी आठवण केलीत." पानं उलटल्याचा आवाज. मग टोपण हसला. "वहिनी, खरं सांगू? तुम्ही नसता तर हा नळ पहिल्याच दिवशी पास झाला असता. खात्यात माणसं घ्यावीत तर तुमच्यासारखी."

"थोडा चहा घ्या ना अजून."

"पुरे, पुरे."

"अजून किती नियम असतील हो? नळाचे?"

"नळाचे? अर्धं पुस्तक बाकी आहे, वहिनी!"

"बरं झालं," ही म्हणाली.

हिच्या 'बरं झालं'चा सूर मी ओळखतो. मुलीचा ताप उतरला तेव्हाचा. दुकानाच्या मालकाने भाडेपट्टा वाढवून दिला तेव्हाचा. छातीतून येतो तो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हेडमास्तरांच्या दारात जाऊन भांडलो. पोरीने विचारलं, प्लंबर विचारायला आला. आणि गिऱ्हाइकाच्या मनातलं ऐकणारा मी — मला माझ्या बायकोचं बोलणं ऐकायला भिंतीला भोक पाडावं लागलं.

बाहेर आलो तेव्हा टोपण म्हणाला, "शेठ, थोडक्यात राहिलं." ही म्हणाली, "अरेरे." मी म्हटलं, "अरेरे."

२७ मार्च, शुक्रवार

दिवसभर दुकानात मागे बसून राहिलो. फक्त बघितलं.

हिची खुर्ची काउंटरमागे, खिडकीशी. रस्ता सगळा तिथून दिसतो. समोरच्या न्हाव्याने हातानेच विचारलं — जेवलात का? हिने हातानेच सांगितलं — नाही अजून. एक बाई धुतलेला कोट न्यायला आली आणि कोट बाजूला ठेवून रडत बसली, नवऱ्याचं होतं काहीतरी. ही फक्त "हं" म्हणत घड्या घालत राहिली. जाताना बाई हसत गेली. कोट विसरून. एक आजोबा रोज येतात, कपडे नसतानाही. शाळा सुटल्यावर दोन पोरी पाणी प्यायला येतात, शाळेतल्या नळाला घरच्यासारखं पाणी नसतं म्हणे. मग वर आमच्या राहत्या दोन खोल्या, खाली यंत्रांची घरघर. मला वाटायचं, त्या आवाजाला ही कंटाळली असेल.

नव्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी ही वर उभी राहून म्हणाली होती, "इथून दुकान दिसतं का हो?" मी छाती फुगवून म्हणालो होतो, "दिसेल कसं? एवढं लांब आलोय, तेच तर सुख आहे!" 

दुकानातल्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. डाग दिसला की लगेच घासायला बसू नका. आधी विचारा, कशाचा आहे? न विचारता गरम पाण्यात घातला की जन्मभराचा बसतो.

आता विचारू? विचारलं तर काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. "छे, तसं काही नाही. तुम्ही एवढं केलंत." आणि येईल. हसत येईल. त्या बाल्कनीत बसेल आणि समोर मास्तर, इकडे ही — दोघं मिळून गाड्या मोजतील. एवढे दिवस चहा पाजून पाजून एका सरळ पोराला तिने अडवून धरलं, पण मला 'नको' म्हणाली नाही. नळावर रांगेत उभी असताना बादली आपटून बोलायची. आता माझ्या तोंडावरचा आनंद बघून गप्प बसली.

आणि माझं? मला घर बांधायचं होतं. ते बांधून झालं. राहायचं कुणाला होतं, हा प्रश्न मी कधी स्वतःलाही विचारला नाही.

भोक बुजवायचं काम प्लंबरला फोनवर सांगितलं. मग म्हटलं, "आणि ऐक. तुझं ते विचारायचं राहिलेलं, ते कळलं मला." तो म्हणाला, "मग शेठ, आता?" म्हटलं, "येतो उद्या. छिन्नी घेऊन ये."

२ एप्रिल, गुरुवार

टोपणने टेप लावली, पुन्हा लावली, डोकं खाजवलं. "शेठ, हा नळ चार बोटं खाली कसा आला?" 

म्हटलं, "घर नवीन आहे साहेब, बसतंय अजून."

नापास!

ही "अरेरे" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग दुसरा कप स्वतःहून ओतला — टोपणला नाही, मला. म्हणाली, "चला लवकर, दुकान उघडायचंय."

अर्धं पुस्तक अजून बाकी आहे.